जवसाचा दोरा

मी चुलीवर चटणीसाठी जवस भाजत होते. नव्या रस्त्याची मोजणी करणाऱ्यांनी समोरच्या खुंटीपासून दोरी ताणली, आमच्या दारातून आत आणली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला बांधली.

"रस्त्याची लाईन आहे, आजी."

रेशनच्या लाइनीत मी उभी राहिले. विजेच्या, पाण्याच्या लाइनीची वर्षानुवर्षं वाट पाहिली. ही मात्र न बोलावता घरात आली.

सून शाळेत इंग्रजी शिकवते. ती म्हणाली, "आई, लाईन हा शब्द मुळात जवसाच्या दोऱ्यावरून आलाय. तिकडे युरोपात जवसाच्या काड्यांचं सूत काढायचे."

"काढू देत. चूल रस्त्यात जाते का, ते विचार."

तिने दोरीकडे बघितलं, मग चुलीकडे.

"आजी, जरा सरका. तुम्ही लाइनीत येताय."

मी सरकले. चुलीला सरकता येत नाही.