कोपरा नसलेलं पोस्टकार्ड

ते पोस्टकार्ड आजही डोळ्यांपुढून हलत नाही. अमेरिकेत नेपरव्हिलच्या पलीकडच्या एका उपनगरात मी सव्वीस वर्षं पोलिसात काढली, शेवटची बारा वर्षं चोऱ्यांच्या तपासावर. घरफोड्या, गाड्या, दागिने पुष्कळ पाहिले. पण एका कोपऱ्याची चोरी ही एकच.

जवळच्या एका लहानशा खासगी संग्रहालयात बोटीच्या टपालाचं प्रदर्शन भरायचं होतं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला परदेशचं टपाल आगबोटीने येई. अटलांटिकवरच्या काही बोटींत टपालाची वेगळी खोली असे. तिथे कारकून अख्खा प्रवास पत्रं निवडत बसत आणि त्यांवर बोटीचा गोल शिक्का मारत. म्हणजे बोट न्यूयॉर्कला लागेपर्यंत टपाल वाटायला तयार. मला हे काहीच ठाऊक नव्हतं. तपासाच्या निमित्ताने वाचलं आणि वाचतच बसलो.

या प्रदर्शनासाठी एका ऐंशीच्या मराठी काकूंनी आपल्या आजोबांची एक वस्तू दिली होती. आजोबा त्या काळात इथे शिकायला होते. त्यांना साताऱ्याहून आलेलं एक पोस्टकार्ड, कापडी पिशवीत चारही बाजूंनी शिवून ठेवलेलं. पिशवी उघडायची नाही, अशी घरची शिस्त. काकूंनी कार्ड कधी पाहिलेलंच नव्हतं. त्यांच्या आयटीतल्या मुलाने मात्र संग्रहालयाचा फॉर्म भरताना 'स्थिती : उत्तम, अखंड' असं बेधडक लिहून टाकलं.

पिशवी उसवली संग्रहालयातल्या, कागद दुरुस्त करणाऱ्या अमेरिकन बाईंनी. एकटीने, साक्षीदार न ठेवता. आत निघालेल्या कार्डाचा एक कोपरा फाटलेला होता आणि बोटीचा गोल शिक्का नेमका तिथेच अर्धा कापला गेला होता. संग्राहक अशा शिक्क्यांसाठी जीव टाकतात. संग्रहालयाने पाठवलेला फोटो पाहून मुलाने चोरीची तक्रार दिली. त्याच आठवड्यात निनावी फोन आला : "ती बाई दर रविवारी जुन्या टपाल तिकिटांच्या बाजारात असते. बघा जरा."

मी बघितलं. बाजारात ती खरंच जात होती. मी तिला चौकीत बोलावलं आणि दोन तास प्रश्न विचारले.

"बाजारात काय विकता?"

"विकत नाही, घेते. जुने कोरे कागद. फाटलेल्याला जोडायला जुनाच कागद लागतो."

"पिशवी उघडताना शेजारी कोण होतं?"

"कोणी नाही. चूक झाली माझी." मग ती रडली. "ऑफिसर, मी कागद जोडते. फाडत नाही. हा डाग लागला, तर मला कोण आपला कागद हातात देईल?"

रडणारे आरोपी मी पुष्कळ पाहिले होते, म्हणून मला पाझर फुटला नाही. आज सांगायला लाज वाटते, पण माझा तिच्यावर पक्का संशय होता. एकच गोष्ट खुपत होती. चोर शिक्का नेणार, तर अर्धाच का नेईल?

कार्डाची ओळख पटवायला मी काकूंना फोन करून बोलावलं; मी मूळचा अमरावतीचा, हेही सांगितलं. मुलगाही बरोबर आला. पारदर्शक पाकिटातलं कार्ड मी टेबलावर ठेवलं. काकूंनी ते पाहिलं मात्र, झटकन हात मागे घेतला.

"अगबाई! कोण गेलं होतं?"

"आई, कोणी गेलं नाही. कॉर्नर चोरलाय, म्हणून कम्प्लेंट केलीय ना आपण."

"गप रे. कोपरा फाडलाय, म्हणजे कोणीतरी गेलं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही अमरावतीचे ना, साहेब? तुम्हाला ठाऊक नाही?"

ठाऊक नव्हतं कसं? आमच्या गल्लीत पोस्टमनने एकदा कोपरा फाडलेलं कार्ड दिलं आणि माझ्या आईने एक अक्षर न वाचता हंबरडा फोडला होता. मयताची बातमी असली की लिहिणाराच कोपरा फाडायचा. वाचून झालं की कार्डाचे तुकडे करायचे, ते घरात ठेवायचं नाही. हे सगळं मला माहीत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशी माझी गत झाली होती.

मी भिंग काढलं. फाटल्या कडेला कागदाचे बारीक तंतू सुटले होते आणि त्या तंतूंत शिक्क्याची शाई मुरलेली होती. शिक्का आधी आणि फाडणं नंतर असतं, तर ते तंतू पांढरे दिसले असते. म्हणजे बोटीवरच्या कारकुनाच्या हाती कार्ड आलं, तेव्हाच कोपरा नव्हता. त्याने शिक्का मारला आणि अर्धं वर्तुळ कार्डाबाहेर पडलं. कागदांच्या तज्ज्ञानेही दुसऱ्या दिवशी तेच लिहून दिलं.

कार्ड मोडी लिपीत होतं. पुण्यातल्या एका जाणकाराने फोटोवरून वाचून कळवलं : आई गेली, दिवस झाले, तू परीक्षा सोडून येऊ नकोस. खाली धाकट्या भावाची सही. काकू म्हणाल्या, "पंधरा दिवसांनी टपाल निघालं असेल, त्यात महिनाभराचा समुद्र. तोवर आजोबा आईला खुशालीची पत्रं लिहीत असणार. हे कार्ड फाडायचा धीर त्यांना झाला नाही."

फाइलवर मी 'तक्रार निराधार' असं लिहिलं. नियमाने तेवढं पुरे होतं. पण मी संग्रहालयात जाऊन त्या बाईंची माफी मागितली, मुलालाही मागायला लावली. फाटलेलं दिसलं की 'कोणी फाडलं' हे विचारायची पोलिसाला सवय असते. 'का फाडलं असेल' हे मी त्या दिवसापासून आधी विचारायला लागलो. आणि आपण जिथून आलो तिथलं थोडं खिशात ठेवूनच ड्यूटीवर जायला लागलो.

कार्ड प्रदर्शनात लागलं, कोपऱ्याच्या खुलाशासकट. प्रदर्शन संपल्यावर कार्ड न्यायला काकूंबरोबर मीही गेलो, तेव्हा त्या बाईंनी त्यांना हळूच विचारलं, "हवं तर कोपरा जोडून देऊ? कळणारही नाही."

काकूंनी नाही म्हणून मान हलवली. पर्समधून तीच उसवलेली पिशवी, सुई आणि दोरा काढून त्यांनी तिच्या हातात ठेवला.

"कोपरा राहू दे. तू उघडलीस ना? मग तूच शिव."

मी तिच्यासाठी त्याचं इंग्रजी केलं. तिने डोळे पुसले आणि सुईत दोरा ओवला.