पानोपान अंगठा

"हा बघ तुझा पणजा! पानापानावर हाय की." कारकुनाने मृत्यूंच्या नोंदीचं जुनं रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी माना लांब केल्या. "गावातल्या समद्या मयताच्या खबरी दिल्या गड्यानं. घरची तेवढी द्यायला इसरला!"

ते हसले. मीही हसले.

तालुक्याच्या कचेरीत मी पणजीचं नाव शोधायला गेले होते. आबा, म्हणजे माझे आजोबा, पाच वर्षांचे असताना त्यांची आई गेली. वस्तीत सगळे तिला येसूची बायको म्हणत. आबा माय म्हणत. तिचं नाव त्यांना माहीत नाही. कुठे पुरलं, तेही नाही. आता ते गावी, पिंगळीला, खाटेला खिळलेत आणि एकच विचारतात, "मायचं नाव काय असंल, बाई?"

कारकून आधी नीट बोलले. "बसा, मॅडम." मराठी अर्ज मी चार वेळा लिहिला होता, इंग्रजी शाळेमुळे माझ्या वेलांट्या चुकतात. त्यांनी आडनाव वाचलं. गावात घर कुठल्या बाजूला, ते विचारलं. मग 'मॅडम' गळून गेलं. "तुमच्यात कशाला लागायलीय गं वंशावळ? जातीचा दाखला तर हायच." खुर्ची दुसऱ्याला दिली. मी उभ्याने पानं उलटली.

खबर देणारा: येसू महार. गावातलं मयत चावडीवर कळवणं हे त्याच्याकडचं गावकीचं काम. शेजारी निळा अंगठा. पाटलाची आई, अंगठा. वाण्याचं बाळ, अंगठा. आमच्या वस्तीतलं एकही मयत त्या वहीत नव्हतं.

आणि तो विसरला नव्हता. आबांनी मला सांगितलं होतं, "बा चावडीवर सांगायला गेल्ता. म्या बोट धरून हुतो. आतून म्हनले, तुमच्यातलं काय लिव्हायचं? जा, पुरून टाका."

हे ठाऊक असून मी हसले. शाळेतही अशीच हसायचे. कुणी 'कोट्यातली' म्हटलं की हसायचं, म्हणजे विषय संपतो. पण आज मी बापाचं बोट धरून उभ्या असलेल्या त्या पोरावर हसले होते.

मी रजिस्टर कारकुनाकडे परत फिरवलं.

"ते विसरले नव्हते. चावडीवर सांगायला गेले होते. तिथे लिहून घेतलं नाही."

"मग म्या काय करू आता?"

"माझ्या पणजीची नोंद नाही, असं लिहून द्या. सहीशिक्क्यानिशी."

"नसलेल्याचं काय लिहून देत असतेत व्हय?" रजिस्टर धाडकन मिटलं.

संध्याकाळी आबांनी विचारलं, "सापडलं का?" "नाही, आबा." ते भिंतीकडे वळले. बराच वेळ त्यांची पाठ हलत होती.

नाव मिळणार नाही. कळलंय मला. पण त्या वहीत ती नाही, हे मी त्यांच्याच शिक्क्याने लिहून घेणार. सोमवारी जाणार. नाही दिलं तर पुढच्या सोमवारी. अर्जावर लिहिलंय: मयत, येसूची बायको. खबर देणारी, मी.

खुर्ची नाही दिली तरी चालेल. उभी राहीन. हसणार नाही.