पेरणीच्या तोंडावर विमान

लढाईची वर्षं होती. आमच्या रिसोडकडच्या बाजूला लढाई म्हणजे रॉकेलची टंचाई आणि अधूनमधून आकाशातून जाणारी घरघर, एवढंच. त्यातली एक घरघर दसऱ्यानंतर माझ्या शेतात उतरली.

शेत आठ एकरांचं, काळं आणि सपाट. पावसाळाभर नुसतं वखरून मी ते हरभऱ्यासाठी राखलं होतं. काळ्या जमिनीशी ज्यांचा संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाऊस संपला की तिचा वरचा थर वाळून पांढुरका दिसतो, पण वीतभर खाली लोण्यासारखी ओल असते. आमचा हरभरा त्या ओलीवरच येतो, दुसरं पाणी त्याला नाही. ऊन तापलं की ओल रोज थोडी खाली जाते. शिवाय माणसांनी रान तुडवलं तर ते असं घट्ट बसतं, की पेरणीच्या तिफणीचे फण आत शिरत नाहीत. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच पेरायचं, असं मी ठरवलं होतं.

विमानातल्या गोऱ्याला वरून फक्त पांढुरका थर दिसला. इंजिन खोकत होतं, खाली सपाट जागा होती, त्यानं टेकवलं. चाकं आसापर्यंत रुतली, शेपटी वर गेली, जरा घुटमळली आणि धप्पकन खाली बसली. आतून लालबुंद झालेला तरुण गोरा उतरला. त्याचं पहिलं पाऊल बुटासकट पडलं. दुसरं नुसत्या मोज्यावर, कारण बूट मातीनं ठेवून घेतला.

तासाभरात गाव लोटलं. दुसऱ्या दिवशी रिसोडहून बैलगाड्या आल्या. एका म्हातारीनं इंजिनाला हळदकुंकू लावलं. एक जण भक्तिभावानं नारळ फोडायला गेला तो विमानाच्या अंगावरच, आणि नारळ आख्खाच आत गेला. तेव्हा कळलं, की विमान कापडाचं असतं. गोऱ्यानं कपाळावर हात मारला. मग आमच्याच मांजरपाटाचं ठिगळ खळीनं चिकटवलं. रिसोडचा एक फुटाणेवाला तर टोपली घेऊन मधोमध बसला.

"भाई, तुम्हारा खेत बरकतवाला है," तो मला म्हणाला. "जुम्मे के बाजार में इतना माल नहीं उठता."

बियाण्याचा हरभरा घरी पोत्यात पडून होता आणि भाजलेला हरभरा माझ्याच रानात उभ्यानं खाल्ला जात होता. मी दर थोड्या वेळानं माती उकरून मुठीत दाबत होतो. आदल्या दिवशी तिचा लाडू वळत होता. आता कडेनं भुगा पडायला लागला होता.

शेजारचं शेत चुलतभावाचं. आमच्यात धुऱ्याचा, म्हणजे मधल्या बांधाचा, वाद वडिलांच्या वेळेपासून. तो धुऱ्यावर बसून पाहत होता.

"काहून रे, बैल लावतं का?" मी विचारलं.

"माहे बैल मी पेरनीले ठेवले," तो म्हणाला. "तुह्या घरी पावना आला, तूच पोचव त्याले."

मी गावातल्या सहा जोड्या लावल्या, माझी त्यातच. बैलांनी विमान ओढलं तसं ते नांगरासारखं आणखी खोल गेलं. उडायला कडक जमीन म्हणजे गाडवाट, ती ओढ्यापलीकडे. तिथवर ते जाणं नव्हतंच.

गोऱ्यानं मोडक्या हिंदीत सुचवलं, "हमने देखा. बरफ में. पहिया निकालता, लंबा लकडी लगाता. उसपर फिसलता, फिर उडता."

"बरफ म्हंजे गारा का?" चुलतभाऊ धुऱ्यावरून ओरडला. "गारा पडल्या तं आमी घरात बसून रडतो. यायच्या मुलखात त्याच्यावर इमानं उतरवतात?"

पण लाकूड मातीवरही घसरणार, हे मला पटलं. गावात तेवढ्या लांब, जाड फळ्या एकाच ठिकाणी होत्या: माझ्या घराच्या दाराची दोन किवाडं. मी हातानं मोजली, दोन्ही सारखी भरली. बायको उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"दार नेता, अन् चोर आला तं?"

"चोर असन तं तो बी गावासंगं वावरातच हाय."

"मंग आदी पेरनी करा म्हना त्याले," असं म्हणून ती बाजूला झाली.

चाकांखाली किवाडं बांधता-बांधता दुसरा दिवस मावळला. बैलांच्या खांद्यांना सूज आली. तिसऱ्या दिवशी सकाळी गोऱ्याच्या खटपटीनं इंजिन सुरू झालं. फुटाणेवाल्याची टोपली उडाली, त्याच्या पाठोपाठ तीन टोप्या. विमान खरोखरच घसरायला लागलं. लोक ओरडले, मीही ओरडलो. पण एका किवाडाला जाड लोखंडी पट्ट्या होत्या. लांबी-रुंदी मोजली होती, वजन कुणी केलं नव्हतं. विमान त्या अंगाला वळलं. फळ्यांना थांबवायची सोय नसते. ते धुरा ओलांडून गेलं, बाभळीनं एक पंख ठेवून घेतला आणि चुलतभावाच्या रानात मधोमध बसलं. गोरा धडधाकट उतरला आणि फुटाणे मागू लागला.

चुलतभाऊ माझ्याकडं वळला. "दोन पिढ्या धुरा रेटून पोट भरलं नाही तुमचं? आता इमान घेऊन घुसले!"

माझं रान मोकळं झालं होतं, पण बैल उठत नव्हते. गावात ताजी जोडी एकच, त्याची. मी तोंड उघडायच्या आधी बायको पुढं झाली.

"भाऊजी, बैल द्या."

"आदी हे हटवा."

"ते काय हटते आता? त्याले पंख बी एकच उरला. तुमी त्याच्या भवताली पेरा, आमी आमचं पेरतो. ओल तं दोघायची बी जाऊन राह्यली."

त्यानं मूठभर माती उचलून चोळून पाहिली. "आदी माहं," तो म्हणाला. "अन् पेराले तू."

मी कबूल झालो. दिवसभर त्याच्या तिफणीमागं चालत चाड्यात बियाण्याची मूठ सोडत राहिलो. दर वळणाला विमानाला वळसा, आणि दर वळशाला नजर माझ्या रानाकडं. माझी पाळी चौथ्या दिवशी आली. तोवर फण ओलीपर्यंत पोचवायला तिफणीवर दगड ठेवावा लागला.

विमान पुढं सुटं करून लॉरीतून गेलं. माझं पाच एकर बरं उगवलं. तुडवलेलं तीन एकर विरळ आलं, टक्कल पडलेल्या डोक्यासारखं. चुलतभावाचं रान दाट आलं. पौषात हरभऱ्याच्या ओल्या घाट्यांचा हुळा भाजायला मी त्याच्याकडंच बसलो होतो. माझ्या शेतात जे उगवलं त्यालाही पुढं ओल पुरली नाही, भाजण्याजोगे घाटे नव्हते.

"खाय," तो माझ्यापुढं घाटे ढकलत म्हणाला, "पेरला तं तूच."