पाय पुढे, डोकं मागे

जैनाबादेत चुडामणइतका तयारीचा माणूस दुसरा नव्हता, आणि त्या तयारीचा कोणाला काडीचा उपयोगही नव्हता. अठ्ठेचाळीस साली हैदराबादच्या मोहिमेत तो फौजेच्या तंबूतल्या दवाखान्यात जखमी वाहायला होता. घरी आल्या आल्या त्यानं दोन बांबू आणि गोणपाटाचं स्ट्रेचर केलं. दर सोमवारी दोऱ्या तपासायच्या, मग गल्लीतल्या चौघांची कवायत. रुग्ण म्हणून भिकनला झोपवायचं. भिकन खरंच घोरायला लागायचा.

"ही तिरडी अंगणात नको," असं त्याची बायको रंभाबाई रोज म्हणायची. फौजी गडी ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून द्यायचा.

त्याचा नियम एकच. रुग्णाचे पाय पुढे, डोकं मागे, म्हणजे मागच्या माणसाला तोंड दिसतं. मोहिमेत एका जवानाला घाईत डोकं पुढे करून आणलं होतं. वाटेत तो वांतीनं गुदमरला, आणि कोणाला कळलंच नाही. हे सांगून चुडामण पुन्हा दोऱ्या तपासायचा.

वैशाखात रंभाबाई माळ्यावरून पडली. डोक्याला मार लागून शुद्ध गेली. दवाखाना तापीपलीकडे, बुऱ्हाणपुरात. चौघांनी तिला शिस्तीत उचललं, तर दारात चुडामणची आई सरुबाई आडवी आली.

"पाय पुढे करून मढं निघते रे. माझी सून अशी नाही जाणार."

आईपुढे फौज काय करणार? स्ट्रेचर फिरवलं. चुडामणनं एकाच्या हातचा पुढचा दांडा घेतला आणि बायकोकडे तोंड करून तो उलटा चालू लागला. गुडघाभर पाण्यात, शेवाळलेल्या दगडांवर. मागचा दांडा धरलेला भिकन "डावीकडे खड्डा आहे" म्हणून ओरडत होता. काठावरचे लोक हसले, मीही हसलो. आज त्याची लाज वाटते.

मध्यधारेत रंभाबाईला वांती झाली. चुडामणनं ते तत्क्षणी पाहिलं, सगळ्यांना थांबवलं, तिला कुशीवर वळवलं, बोटानं तोंड साफ केलं. तिचा श्वास मोकळा झाला.

बाराव्या दिवशी तिला घरी आणायला चुडामणसह तेच चौघं गेले, सोबत सरुबाई. तिच्याकडे बघून त्यांनी आपणहून डोकं पुढे केलं.

"फिरवा," रंभाबाई म्हणाली.

"अगं, लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या, सासूबाई. यांना माझं तोंड दिसलं पाहिजे."

सरुबाईनं स्ट्रेचर फिरवायला लावलं. तिनं भिकनला बाजूला केलं आणि पायांकडचा पुढचा दांडा स्वतः उचलला.