गेलेल्यांचं मंडळ

किस्से म्हणजे इथल्या रिकाम्या बाटल्या. दुकानात परत द्यायच्या म्हणून माणूस त्या बाल्कनीत ठेवत जातो, आणि एक दिवस बाल्कनीत पाय ठेवायला जागा उरत नाही. माझं तसंच झालंय. तेव्हा आज पिशवी भरून आणलीय, घ्या!

मुलगा जर्मनीत नेकारसुल्मला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी जवळच्याच एका छोट्या गावात त्याच्याकडे राहतो. मी सातवी पास. तीही मास्तरांना माझा कंटाळा आला म्हणून. माझं जर्मन म्हणजे थोडे हातवारे आणि अधूनमधून 'आल्झो', म्हणजे 'तर मग', नाहीतर 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर'. तेवढ्यावर गाव जिंकलं!

* * *

खालच्या मजल्यावर हेर्मान राहतो. ऐंशीचा, एकटा, बायको वारली, मूलबाळ नाही. त्याने गावातल्या म्हाताऱ्यांचं एक मंडळ चालवलंय. पूर्वी गाव सोडून अमेरिका-ब्राझीलला गेलेल्या जर्मनांची आठवण जपायची, त्यांचे नातू-पणतू गाव बघायला आले की त्यांना फिरवायचं. दर गुरुवारी कॉफी आणि केक. केक ऐकल्यावर मी लगेच नाव दिलं.

मुलगा म्हणाला, "अण्णा, ते मंडळ गाव सोडून गेलेल्यांचं आहे. तुमचं तिथे काय काम?"

"मग मी काय गाव न सोडता इथे आलोय?"

मी आत जाऊन आमच्या हिला सांगितलं, "अगं, आजपासून मी गेलेल्यांच्या मंडळात!"

ही पोळी लाटता लाटता म्हणाली, "अहो, एवढी घाई काय आहे!"

* * *

मंडळात हेर्मानचं भाषण ठरलेलं. आमच्या लोकांनी अमेरिकेला काय काय दिलं! बालवाडी दिली. ख्रिसमसचं झाड दिलं. बिअर दिली, सॉसेज दिलं, पियानो दिले. छाती फुगवून बोटं मोजत असतो.

एकदा मी मध्येच विचारलं, "सगळं चांगलं चांगलं तिकडे दिलंत, मग इकडे काय ठेवलंत?"

कोपऱ्यातली उर्सुलाबाई, मंडळाची सेक्रेटरी, केक कापता कापता मानही वर न करता म्हणाली,

"नियम."

* * *

ब्राझीलहून एक पोरगा आला. पणजोबा इथले. सोनेरी केस, निळे डोळे, पण जर्मन शून्य. हेर्मानचा गुडघा दुखत होता म्हणून त्याला फिरवायला मी!

दोघं कॅफेत बसलो. वेट्रेस आली. त्याच्याशी भराभरा जर्मन, माझ्याशी तोडकं इंग्लिश. तो बिचारा टकामका बघतोय. शेवटी मीच जर्मनमध्ये ऑर्डर दिली, वर चर्चकडे बोट दाखवून त्याच्या पणजोबांचं लग्न तिथे झालं हेही सांगितलं.

वेट्रेस गोंधळली. म्हणाली, "म्हणजे तुमच्यातला पाहुणा कोण?"

म्हटलं, "गोरा तो पाहुणा. काळा घरचा!"

* * *

माझी नात ईरा. तिच्या शाळेत हेर्मानला बोलायला बोलावलं. मी मागच्या बाकावर तिच्या शेजारी, पाय दुमडून.

हेर्मान गहिवरून सांगत होता. "मुलांनो, अमेरिकेत गेल्यावर आपल्या लोकांची भाषा हळूहळू सुटली. नातवंडांना आजोबांचं बोलणं कळायचं, पण उत्तर मात्र ती इंग्लिशमध्ये द्यायची. आजोबांना किती वाईट वाटत असेल!"

मी ईराला कोपराने ढोसलं. "ऐकतेयस ना? कळलं का काही?"

ईरा मान डोलावून म्हणाली, "गेनाऊ, आजोबा!"

* * *

आता हेर्मानची गोष्ट. त्याच्या आजोबांचा सख्खा भाऊ शेताच्या वाटणीवरून भांडून टेक्सासला गेला, तो गेलाच. पत्र नाही, निरोप नाही. आणि गेल्या उन्हाळ्यात त्या भावाची पणती येणार असं कळलं. कॅरॉल नाव. हेर्मानला जगात ठाऊक असलेली रक्ताची तेवढी एक बाई!

हेर्मान आनंदाने फुलेल असं मला वाटलं होतं. तो तर जिन्यात डोकं धरून बसलेला.

"अण्णा, ती फोटो काढेल आणि जाईल. सगळे तेच करतात. चर्चचा फोटो, घराचा फोटो, टाटा! माझ्या टेबलाशी ती एकदा बसायला हवी. पण बोलू कसा? मला इंग्लिश येत नाही. तू शिकव. भारतात सगळ्यांना येतं, टीव्हीवर सांगितलं."

आता टीव्हीला खोटं कसं पाडायचं? मी जिन्यातच शिकवणी सुरू केली.

"म्हण. या या, बसा. जेवल्याशिवाय सोडणार नाही."

भाषा आपली मराठी, पण अर्थ अगदी खरा सांगितला. हेर्मानला शंका आली. "दोनदा या? आमच्याकडे 'या' म्हणजे 'हो', आणि दोनदा 'या या' म्हटलं की समोरच्याचा अपमान होतो."

"इंग्लिशमध्ये मान होतो," मी म्हटलं.

आठवडाभर जिना घुमत होता. पण जर्मन जिभेला शब्दाच्या सुरुवातीचा 'स' कुठला जमायला! त्याचा 'झ' होतो. आमची ही दार लावून पोट धरून हसायची.

कॅरॉल आली. सत्तरीची, पायात बूट, गळ्यात कॅमेरा. टॅक्सी खाली थांबवून ठेवलेली. हेर्मान दारात पांढराफटक. मी मागून हळूच ढकललं. त्याने डोळे मिटले आणि ठणकावून म्हणाला,

"या या! बसा! जेवल्याशिवाय झोडणार नाही!"

बाई थिजली. मला वाटलं, संपलं! तर तिने कॅमेरा सोडून हेर्मानचे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी. माझ्याकडे वळून म्हणाली, "माय ग्रँडपा! माझे आजोबा अगदी असंच बोलायचे! आम्हाला एक शब्द कळायचा नाही!"

टॅक्सी परत पाठवली. हेर्मानने मसूर आणि जाड शेवया रांधल्या होत्या. बाईने दोनदा मागून घेतल्या. अर्ध्या तासासाठी आलेली, चार दिवस राहिली. जाताना हेर्मानकडून ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणवून घेऊन फोनवर रेकॉर्ड केलं.

परवा तिचा व्हिडिओ आला. टेक्सासमध्ये सगळं घराणं जमलंय. मोठमोठ्या टोप्या, पोरंबाळं, अंगणात धूर, मांस भाजतंय. कॅरॉल खुर्चीवर उभी राहून सांगतेय, आता आपल्या पूर्वजांच्या जर्मनमध्ये सगळ्यांचं स्वागत! आणि ती सगळी वरात हात उंचावून एका सुरात ओरडते,

"या या! बसा! जेवल्याशिवाय झोडणार नाही!"

हेर्मानने मला तो व्हिडिओ तीनदा दाखवला. मग रुमालाने नाक पुसत म्हणाला,

"अण्णा, काय सुंदर इंग्लिश बोलतात रे हे लोक!"