मेगामाऊथचा सेमिनार

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी आम्ही दोघी यवतमाळला एका खोलीत राहत होतो. मी कळंबची, ती तिथून जवळच्याच तांड्यावरची. त्या हिवाळ्यात कापसाला भाव नव्हता. आमचे दोघींचे बाप खरेदी केंद्रापुढं एकाच रांगेत गाड्या लावून ताटकळत होते.

तिचं तोंड जरा मोठं, दात पुढं. बोलताना ती ओढणी तोंडापुढं धरायची.

प्राणिशास्त्राच्या सरांनी सेमिनारसाठी चिठ्ठ्या उचलायला लावल्या. तिला आला मेगामाऊथ, मोठ्या तोंडाचा शार्क. मागचे बाक खिदळले. सर म्हणाले, "चिठ्ठीलाही डोळे असतात बरं."

तिनं मात्र आठ दिवस ग्रंथालय आणि इंटरनेट कॅफे पालथे घातले. मग खोलीत माझ्यापुढं सराव केला. बोलता बोलता ओढणी कधी सुटली, तिलाच कळलं नाही.

"एवढा मोठा, पण कोणाले चावत नाही. तोंड उघडून पोहते, पाणी कल्ल्यातून गाळते आन् बारीक जीव खाते. दिवसा खोल पाण्यात राह्यते, म्हणून दिसतच नाही."

तेव्हा मला तिच्या वरच्या हिरडीत दातावर चढलेला दात दिसला. ती छान बोलत होती. माझ्यापेक्षा कितीतरी छान.

सेमिनारच्या दिवशी मी लवकर जाऊन फळ्यावर शार्क काढला. त्याला वेणी घातली, ओढणी दिली आणि दातावर दात काढला.

वर्ग हसून लोळला. ती डस्टर घ्यायला गेली तर सर म्हणाले, "राहू दे, आकृती कामी येईल."

त्या चित्राशेजारी उभी राहून ती ओढणीआडून बोलली. "मोठ्यानं बोल, तोंड कशाला दिलंय?" सर मधेच म्हणाले. शेवटी तिनं सांगितलं, की धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत या शार्कपुढं फक्त 'माहिती अपुरी' असं लिहिलंय. जे थोडे सापडले, ते बहुतेक मासेमारीच्या जाळ्यात अडकलेले.

मी हात वर केला. "जो कोणाले दिसतच नाही, त्याले वाचवायचं कायले?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. उत्तर दिलं नाही. सरांनी त्याचे गुण कापले.

दुपारी खोलीवर गेले तर ती पेटी भरत होती.

"दातावरचा दात तुलेच माहीत होता," ती म्हणाली.

"मी नाही काढलं."

"बरं." तिनं पेटीची कडी लावली. "वह्या ठेवून चालली. परीक्षेत तुले कामी येतीन."

ती परतली नाही. उन्हाळ्यात तिचं लग्न झाल्याचं कळलं. परीक्षेत शार्कचा प्रश्न आला. तिच्या वहीतलं उत्तर मी शब्दन् शब्द उतरवलं. मला पहिला वर्ग मिळाला, पुढं नोकरीही लागली. तिच्या सासरचं गाव मला माहीत आहे. थेट एसटी जाते. मी गेलेले नाही.