जागेची मेख

एसटीत कंडक्टर म्हणून इतकी वर्षं काढली, पण 'जागा' या शब्दानं मला जेवढं छळलं तेवढं सुट्ट्या पैशांनीही छळलं नाही. गाडी स्टँडला लागायच्या आत खिडकीतून रुमाल येतो, टोपी येते, बाजाराची पिशवी येते. एकदा एका पैलवानानं चक्क बायकोची चप्पल सीटवर टाकून जागा धरली होती आणि बायको खाली एका पायावर उभी राहून त्याचा उद्धार करत होती. मग रुमालवाला दारातून चढेपर्यंत तिथं दुसराच कुणी टेकलेला असतो आणि भांडण माझ्याकडं येतं. माझा निवाडा ठरलेला आहे. रुमाल टाकून जागा मिळत नाही, बसून मिळते. आधी बसलाय तो बसला, बाकीच्यांनी पुढं सरका.

अशी मी, आणि मलाच एकदा सगळ्यांसमोर उभं राहून जागा मागायची वेळ आली.

आमचा धनगरवाडा पन्हाळ्याच्या बाजूला, कोडोली मागं टाकून बरंच पुढं गेल्यावर डोंगरात आहे. वाडा म्हटल्यावर चौकाचा, तुळशीवृंदावनाचा वाडा डोळ्यांपुढं आणू नका. डोंगरातल्या आमच्या वस्तीलाच वाडा म्हणतात. पायथ्याच्या गावापर्यंत एसटी जाते, तिथून पुढं चढ. वरचा माळ सगळ्यांचा मिळून आहे. कागदावर जुन्या माणसांची नावं एकाखाली एक लागलेली आहेत आणि वाटणी कुणी मागितलेली नाही. म्हसरं कुणाचीही असोत, कुठंही चरतात. घर बांधायचं असेल तर मात्र बैठकीत मागावं लागतं. दसऱ्याच्या सुमारास एक बैठक होते आणि होळीला एक, देवाच्या चौथऱ्यावर. ज्याला जागा हवी तो उभा राहतो, बाकीचे बसून ऐकतात. हरकत असेल तो बोलतो. कुणाचीच हरकत उरली नाही की माझा चुलता कुदळ घेऊन निघतो आणि घराचे चार कोपरे उकरून देतो. ती जागा विकता येत नाही. तुम्ही वस्ती सोडली की ती परत वाड्याची.

आणि यातला मुख्य नियम असा की जागा माणसाला मिळत नाही, चुलीला मिळते. पोराचं लग्न झालं, सासूसुनेचं वाजलं, चूल वेगळी झाली की जागा. 'चुलता' शब्दातच चूल आहे, असं चुलता स्वतः मोठ्या तोऱ्यात सांगतो. तुझा बाप आणि मी एका आईच्या पोटचे असलो तरी माझी चूल वेगळी, म्हणून मी तुझा चुलता. खरंखोटं भाषेच्या मास्तरांना माहीत, पण आम्हा पोरांना लहानपणापासून ते पटलेलं होतं.

हा चुलता म्हणजे माझ्या वडिलांचा पाठचा भाऊ. वडील गेल्यापासून वाड्यावर त्याच्याएवढं वयस्कर कुणी नाही आणि त्याच्याएवढं हट्टीही कुणी नाही. त्याचं घर आणि माझ्या भावाचं घर यांच्यामध्ये एक सुंदर सपाट तुकडा आहे, दोन्हीकडून आडोसा असलेला. लग्न झालेल्या प्रत्येक पोरानं बैठकीत तो मागून बघितला. चुलत्याचं उत्तर एकच, तिथं पावसाचं पाणी साठतं. आणि पाणी साठणाऱ्या त्या जागेवर एक मेख मारून त्यानं आपलं वासरू बांधलेलं असायचं. दरवर्षी वासरू बदलायचं, मेख तीच. म्हाताऱ्याला जनावराच्या पिल्लापुढं माणसाचं पिल्लू दिसत नाही, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे.

माझं म्हणाल तर लग्न झालं होतं, जमलं नाही, परत आले. नोकरी लागली तशी कोल्हापूरला कळंब्यात खोली घेतली. खोली चांगली, तळ्याकडचा वारा येतो, मालकीणही प्रेमळ. पण दर वर्षी करार संपत आला की ती दारात उभी राहून इकडचं तिकडचं बोलायची आणि मग म्हणायची, पोराचं लग्न ठरतंय बघ. पोराचं लग्न कधी ठरलं नाही, पण माझी झोप मात्र उडायची. आयुष्यभर लोकांना बसवत आले आणि मला जिथून कुणी ऊठ म्हणणार नाही अशी हातभर जागा नव्हती. चढ चढून वर गेले की वाटायचं, ही इथं माझी माणसं, हा माळ, आणि मी आपली सुट्टीला आलेली पावणी. हे मला फार लागायचं.

म्हणून एका दसऱ्याला मी बैठकीत उभी राहिले. बायका सहसा उभ्या राहत नाहीत. कड्याकडचा अगदी शेवटचा तुकडा मागितला, कारण तिथं कुणी हक्क सांगणार नाही असं वाटलं. वाटलं, चुलत भावाचा पोरगा, म्हणजे माझा पुतण्या, आडवा येईल. त्याचं नवंनवं लग्न झालेलं आणि पाण्याचं कारण सांगून चुलत्यानं त्याला खालच्या अंगाला लांब जागा दिलेली. तो धुमसतच होता. पण तो बोलायच्या आत चुलताच बोलला.

"तुझी चूल कुठं हाय?"

मी म्हटलं, कळंब्यात.

"मग जागा बी कळंब्यातच माग. हितं रुमाल टाकून जागा मिळत न्हाय."

सगळे हसले. कारण ते माझंच वाक्य होतं. एकदा कोल्हापूरला येताना म्हातारा माझ्याच गाडीत होता आणि मी एका रुमालवाल्याला झापलेलं त्यानं ऐकलं होतं. मला इतका राग आला की खाली बसले ती दातावर दात दाबून. रडूही येत होतं. परक्यानं हरकत घेतली असती तर चाललं असतं, हा सख्खा चुलता होता.

मग त्यानं कारण सांगितलं. वाड्यावर एक घर बरीच वर्षं कुलूप लावून उभं आहे, त्याचा मालक मुंबईत असतो. तसं आणखी एक बंद घर वाड्याला नको. होळीच्या बैठकीआधी त्या तुकड्यावर चूल पेटव, वाड्यानं तुझ्या चुलीवरचं खाल्लं म्हणजे बघू, असं त्यानं सांगितलं.

मी म्हटलं, बघाच.

पुढच्या सुट्टीला तांदूळ, डाळ, पातेलं पाठीवर मारून वर गेले. तीन दगड मांडले, काटक्या लावल्या. कड्यावरचा वारा काय असतो ते तिथं चूल पेटवणाऱ्यालाच कळतं. काडी पेटायची ती माझ्या तोंडाकडं, विझायची ती पण माझ्या तोंडाकडं. आणि गॅसवर इतकी वर्षं काढल्यावर चूल फुंकायची सवय कुठली राहायला! डोळ्यांतून पाण्याच्या धारा, तोंड काळं, आणि भोवती वाडा जमलेला. दगड तिरके लाव म्हणणारे वेगळे, सरळ लाव म्हणणारे वेगळे. वहिनीनं जळणाला शेणी आणून दिल्या, भावानं पाठीमागं घोंगडं धरलं. भात शिजला तो अर्धा कच्चा आणि वर राखेची फोडणी. पुतण्या त्या दिवशी पोट धरून हसला. मी आमच्या दोघांतलं नातं बाजूला ठेवून त्याला दोन शेलक्या शिव्या दिल्या, तरी तो हसतच होता.

त्याच्या पुढच्या खेपेला मी हट्टानं लहान सिलिंडर आणि शेगडी वर नेली. पुतण्या म्हणाला, गॅसची काय चूल असते का, धूर कुठं निघतोय? बाकीच्यांनी माना डोलावल्या. मग मात्र माझा तोल गेला. म्हटलं, उद्या सकाळी टेकावर या, वाड्यात कुणाकुणाच्या घरातनं धूर निघतोय ते मोजू, आणि ज्याचा निघणार नाही त्यानं आपली जागा वाड्याला परत द्यायची.

सकाळी खरंच टेकावर गेलो. पुतण्या, चुलता, मी आणि मजा बघायला आणखी चारपाच जण. खाली वाडा उन्हात पसरलेला आणि धूर निघत होता तो दोन-तीन घरांतून. पुतण्याच्या घरावर धुराचं नाव नाही, बायकोनं माहेराहून आणलेल्या शेगडीवर चहा ठेवलेला. चुलत्याच्या घरावरही काही नाही.

मी म्हटलं, "तात्या, तुमची तर चूलच न्हाय. म्हंजे आता तुम्ही माझं चुलतं ऱ्हायला न्हाईसा."

तेवढ्यात खालून चुलती हाक मारायला लागली, की आभाळात काय शोधताय, चहा निवतोय. वर काय चाललंय ते तिला सांगितल्यावर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"जिथं दुसऱ्याला वाढत्यात ती चूल," ती म्हणाली. "धूर काय, जळणारं खोपाट बी काढतंय."

त्यापुढं कुणाचंच काही चाललं नाही. चुलतीपुढं तसं कधीच चालत नाही.

मग एका रविवारी मी वाड्याला जेवण घातलं. वाऱ्याला आडोसा म्हणून पत्रे आणून उभे केले ते पुतण्यानंच, तोंडानं कुरकुरत. कोंबडीचा रस्सा मी केला, भाकरी वाड्यातल्या बायकांनी थापल्या, कारण माझी भाकरी बघून वहिनीनं पीठच हातातून काढून घेतलं. रस्सा खारट झाला होता. लोकांनी पाणी पीत पीत खाल्ला, दुसऱ्यांदा मागून खाल्ला. चुलता सगळ्यात शेवटी जेवला आणि हात धुऊन घराकडं निघून गेला. मला वाटलं, गेलं सगळं पाण्यात.

होळीची बैठक भरली. मी उभी राहिले आणि पुन्हा तेच मागितलं. चुलत्यानं हरकत घेतली नाही, पण हो पण म्हटलं नाही. तो एकेकाकडं बघून विचारायला लागला, तुझं काय म्हणणं, तोंडानं सांग. मान डोलावलेली त्याला चालेना. भाऊ बोलला, वहिनी बोलली, म्हातारी माणसं बोलली. पत्रे वाहिलेले, शेणी दिलेल्या, माझं खारट खाल्लेले सगळे आता माझ्यासाठीच भांडायला लागले, आणि म्हातारा किती छळतो पोरीला म्हणून त्याच्यावरच चिडले. शेवटी पुतण्याची पाळी आली.

तो म्हणाला, "द्या की आत्तीला जागा. तिच्याबिगर मजा न्हाय हितं."

माझे डोळे भरून आले. या पोराला मी शिव्या दिल्या होत्या.

चुलता उठला, कुदळ खांद्यावर टाकली. मी कड्याकडं चालायला लागले, वाटलं मागं सगळे येतायत. थोड्या वेळानं लक्षात आलं की मागं कुणीच नाही. वळून बघते तर म्हातारा आपल्या घरापाशी, त्या सपाट तुकड्यावर, वासराचं दावं सोडत होता. वासरू मोकळं झालं तसं उधळत सुटलं, आणि म्हाताऱ्यानं मेखेच्या पलीकडं कुदळीचा पहिला घाव घातला.

मी धावत आले. म्हटलं, तात्या, इथं तर पाणी साठतंय ना?

"कवा साठलंय?" तो म्हणाला आणि दुसरा कोपरा मोजायला लागला.

पुतण्यानं जो आरडाओरडा केला तो पायथ्याच्या गावापर्यंत गेला असेल. लबाड म्हातारा, मला खाली पाठवलं आणि इथं कोरडीठाक जागा, असं बरंच काही. चुलती दारात तोंडाला पदर लावून हसत होती. तिनं सांगितलं तेव्हा कळलं, की मी सासरहून ट्रंक घेऊन परत आले, त्याच पावसाळ्यात म्हाताऱ्यानं ती मेख मारली होती. दोघांनीही मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

मी त्याला रागानंच विचारलं, मग दसऱ्याला का अडवलं मला, सरळ का दिली नाही?

चुलता कुदळीवर टेकून उभा राहिला.

"मी दिली असती तर माझ्या माघारी कुणी बी म्हटलं असतं, म्हाताऱ्यानं भावाच्या पोरीला दिली. आता वाड्यानं दिलीया, समद्यांच्या तोंडानं. आता तुला हितनं कुणी उठवायचं न्हाय."

मी त्या ढेकळांवर तशीच खाली बसले आणि हुंदके देऊन रडले. वासरू येऊन माझा पदर चघळायला लागलं तेव्हा कुठं हसले.

आता जोतं झालंय, भिंती वर आल्यात. कळंब्याची खोली अजून सोडलेली नाही, पण मालकीणबाईंना मीच सांगून आलेय, पोराचं लग्न खुशाल ठरवा. परवा गवंडी तक्रार करत होता. ती मेख नेमकी दाराच्या तोंडाशी येते, येताजाता पायात येईल, उपटून टाकू का म्हणून विचारत होता. मी त्याला म्हटलं, मेखेला हात लावायचा नाही. ती आधी बसलीय. तू तुझा उंबरा पुढं सरकव.